वाचक विचारतात: क्वांट व्हायचं, तर शिकायचं काय आणि कुठे?

बँका, फंड, विमा कंपन्या आणि ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या यांच्यात एक काम असतं: गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग वापरून व्यवहारांची किंमत ठरवायची, जोखीम मोजायची किंवा खरेदी-विक्रीचे नियम तयार करायचे. हे करणाऱ्यांना थोडक्यात ‘क्वांट’ म्हणतात. या विषयावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत.

मी टीवायबीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. मुंबई-पुण्यात एमबीए फायनान्स, फिनटेक, फायनान्शिअल इंजिनिअरिंग, बिझनेस ॲनालिटिक्स अशी नावं बघून गोंधळ उडतो. क्वांटसाठी यातलं कुठलं घ्यावं? आणि इथल्या कॉलेजातून मोठ्या संस्थेत निवड होते का? — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

पदवीच्या नावात ‘फायनान्स’ शोधू नका. माहितीपत्रकातली सत्रवार विषयांची यादी उघडा आणि चार गोष्टी बघा. संभाव्यता आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेस मिळून किमान दोन सत्रं आहेत का? लिनिअर अल्जेब्रा नीट, म्हणजे आयगेन व्हॅल्यू आणि मॅट्रिक्सचं विघटन इथपर्यंत जाते का? रिग्रेशन आणि टाइम सिरीज दोन्ही आहेत का? आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या कोडला गुण मिळतात का, की सगळं पीपीटीवर चालतं? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर पदवीचं नाव काहीही असो, ती चालेल. बॉण्ड म्हणजे काय, ऑप्शन कसा चालतो हे नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. कंडिशनल एक्स्पेक्टेशन मात्र नोकरी लागल्यावर शिकवायला कोणी बसत नाही. म्हणून संख्याशास्त्राचा किंवा गणिताचा चांगला एमएस्सी आम्ही बहुतेक ‘फायनान्स’ पदव्यांच्या वर ठेवतो.

तुमच्यासाठी पहिली वाट इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या या संस्थेचा एमस्टॅट (संख्याशास्त्राची मास्टर्स पदवी) हा क्वांट कामासाठी देशातला सर्वांत भक्कम पाया आहे, असं आम्हाला वाटतं. एम.एस. इन क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स ही तिथली दुसरी पदवी. परीक्षा साधारण मे महिन्यात, सकाळी बहुपर्यायी आणि दुपारी उत्तरं पूर्ण लिहायची. इथे शिकवणी शुल्काचा बोजा पडत नाही, उलट विद्यावेतन मिळत आलं आहे. अर्ज करताना त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचाच.

दुसरी वाट ‘जॅम’ परीक्षेची. तिच्यातून आयआयटी मुंबई, कानपूर वगैरे ठिकाणच्या संख्याशास्त्र आणि गणिताच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. तीन तासांत ६० प्रश्न, १०० गुण. त्यातले ३० प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि उरलेल्या २० प्रश्नांत उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा असतो. गुण कापतात ते फक्त पहिल्या प्रकारात: एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. म्हणजे शेवटच्या २० पैकी एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या मुलांचे गुण जातात ते हुशारी कमी पडल्यामुळे नाही. विद्यापीठाच्या पेपरात सिद्धता पाठ करून लिहिली की गुण मिळतात. जॅममध्ये तीच सिद्धता कामाला लावून आकडा काढावा लागतो. दोन चलांचा जॉइंट डेन्सिटी फंक्शन दिला आणि क्षेत्र त्रिकोणी असलं, की इंटिग्रलच्या मर्यादा चुकतात. ऑर्डर स्टॅटिस्टिक्स आणि सिक्वेन्स-सिरीज हे दोन भाग तर कित्येक जण सोडूनच देतात. दोन्ही संस्थांच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळांवर फुकट आहेत. मागची दहा वर्षं घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा. कॉलेज कुठलं, हे या दोन्ही परीक्षांत कोणी विचारत नाही.

दरवर्षी काही जणांचा घात दाखल्यामुळे होतो. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, गणपतीच्या धामधुमीला लागूनच निघतात. ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो. सेतू केंद्रात अर्ज टाकतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात हवा’ असं स्पष्ट सांगा, आणि हे काम जून-जुलैत उरकून ठेवा.

या दोन्हींत जमलं नाही, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग यांचे अर्ज आधीच भरून ठेवलेले असावेत. अर्थशास्त्राकडे ओढा असेल, तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था बघा. १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली ही संस्था इकॉनॉमेट्रिक्स चांगलं पक्कं करून घेते.

सीएफए, एफआरएम की एनआयएसएमची प्रमाणपत्रं? — बीकॉमचा विद्यार्थी, महाड

या तिन्हींची तुलना होत नाही. एनआयएसएम ही शेअर बाजाराची नियामक सेबीने स्थापन केलेली संस्था, तिचा परिसर तुमच्याच जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. तिची प्रमाणपत्रं म्हणजे बाजारातली ठरावीक कामं करण्याचा परवाना. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हच्या टर्मिनलवर बसायला ती लागतात, पण क्वांट म्हणून त्यांवर निवड होत नाही. सीएफएचे तीन टप्पे असतात आणि त्याचा रोख कंपन्यांचं मूल्यमापन नि गुंतवणूक व्यवस्थापन यांकडे असतो. जोखीम विभागात शिरायचं असेल तर एफआरएम उपयोगी: पहिल्या भागात १०० प्रश्न, दुसऱ्यात ८०, प्रत्येकी चार तास. बीकॉमनंतर गणिताची भीती नसेल तर चौथा पर्यायही तोला. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षांमध्ये संभाव्यता आणि वित्तीय गणित दोन्ही खोलवर येतं, आणि शिकताना विमा क्षेत्रात नोकरी करता येते.

आमच्याकडे काही बागायतदार मोहोर यायच्या आधीच बाग व्यापाऱ्याला कराराने देतात, ठरलेली रक्कम हातात पडते. हंगामात कधी व्यापारी पंधरा दिवसांनंतरच्या पेट्यांचा भाव आजच बांधतो आणि बयाणा देऊन जातो. भाव पडला तर तो बयाणा सोडतो आणि फिरकत नाही. फॉरवर्ड आणि ऑप्शन म्हणतात ते हेच का? — बागायतदाराचा मुलगा, सध्या एमएस्सी गणित, देवगड

हेच. कराराने दिलेली बाग म्हणजे फॉरवर्ड विक्री, शिवाय पीक किती येईल ती जोखीमही व्यापाऱ्याच्या गळ्यात. दुसरा व्यवहार हा शुद्ध कॉल ऑप्शन आहे, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, सक्ती नाही. बयाणा हा त्याचा प्रीमियम, बांधलेला भाव ही स्ट्राइक प्राइस, आणि ऑप्शन विकणारे तुमचे वडील.

आता बयाणा किती असावा ते काढू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. आज पेटी ३,००० रुपयांना आहे. पंधरा दिवसांनी ती ३,६०० होईल किंवा २,४००, तिसरं काही नाही. व्यापाऱ्याने भाव ३,००० ला बांधला. भाव चढला तर त्याला पेटीमागे ६०० सुटतात, पडला तर शून्य. व्याज सोडून देऊ.

समजा व्यापाऱ्याने हा सौदा केलाच नाही. त्याऐवजी आज अर्धी पेटी १,५०० ला विकत घेतली आणि त्यासाठी १,२०० उसने घेतले. खिशातून गेले ३००. भाव ३,६०० झाला तर अर्धी पेटी १,८०० ची, उसने १,२०० फेडून ६०० उरले. भाव २,४०० झाला तर अर्धी पेटी १,२०० ची, उसने फेडून शून्य. दोन्ही बाजूंनी ऑप्शनसारखाच निकाल, म्हणून ऑप्शनची किंमतही तीच असली पाहिजे: ३०० रुपये. ‘अर्धी पेटी’ आली ती ६०० ला १,२०० ने भागून. पुस्तकात यालाच डेल्टा म्हणतात.

यात भाव चढण्याची शक्यता किती टक्के, हे कुठेच लागलं नाही. ७० टक्के धरा की ३०, उत्तर ३०० च. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि गणितात पहिले आलेलेही इथे अडखळतात, कारण ते लगेच सरासरी काढायला धावतात. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांचं काम म्हणजे हाच विचार, फक्त पंधरा दिवसांची एक पायरी कापत-कापत क्षणाएवढी बारीक केलेली. त्यासाठी मर्टन आणि शोल्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं. ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते.

आता पल्ला वाढवा: वर ३,९००, खाली २,१००. डेल्टा पुन्हा अर्धाच, पण उसने १,०५० च घेता येतात, म्हणून बयाणा ४५०. मधला भाव तोच, नुसती अनिश्चितता वाढली तर बयाणा दीडपट झाला. ज्या वर्षी ढगाळ हवेने, फुलकिड्यांनी किंवा अवकाळी पावसाने आवकेचा अंदाज लागत नाही, त्या वर्षी जुन्याच बयाण्यावर भाव बांधून देणं म्हणजे ऑप्शन स्वस्तात विकणं. हे घरी जरूर सांगा.

मात्र या आकड्याला मर्यादा आहे, आणि चांगला क्वांट इथेच ओळखू येतो. अर्धी पेटी पंधरा दिवस ठेवता येत नाही, आंबा पिकतो. आज उसनी पेटी विकून पुढे परत करायची, हेही हापूसमध्ये जमत नाही. बरोबरी साधणारा व्यवहार प्रत्यक्षात करताच येत नसेल, तर ३०० हा आकडा बाजाराला बांधून ठेवत नाही, तो फक्त अंदाजाचा खुंटा उरतो. निफ्टीत हीच पद्धत बरीच चालते, कारण तिथे फ्युचर (एक्स्चेंजवर चालणारा फॉरवर्डसारखा करार) दिवसभर विकता-घेता येतो. सूत्र कशाच्या जिवावर उभं आहे ते आधी विचारायची सवय तुम्हाला बागेतूनच लागू शकते. तो तुमचा मोठा फायदा आहे.

मुलीला अमेरिकेत फायनान्शिअल इंजिनिअरिंगच्या १६ महिन्यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. ६० लाखांचं कर्ज लागेल. आंब्या-काजूची बाग तारण ठेवायचा विचार आहे. पाठवावं का? — एक पालक, वेंगुर्ला

आधी तारणाचं. बागेच्या सातबाऱ्यावर बँक शैक्षणिक कर्ज देईल, या भरवशावर राहू नका. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. म्हणून बँका घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. कोकणात आणखी एक अडचण आहे: सातबाऱ्यावर आठ-दहा सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला, एखाद्याची वारसनोंद चढलेलीच नाही. घर तारण द्यायचं तरी मंजूर नकाशा आणि बिनशेती आदेश बँकेचा वकील मागतो, आणि गावातल्या जुन्या घरांना ते बहुधा नसतात. ही कागदपत्रं जुळवायला महिने लागतात. प्रवेशाची फी भरण्याच्या तारखेआधी बँकेकडून लेखी मंजुरी हातात हवी.

आता हप्ता. ६० लाख, ११ टक्के, दहा वर्षं: महिन्याला सुमारे ८२,६५० रुपये. पण १६ महिने शिक्षण आणि पुढचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं, तर २२ महिन्यांचं सरळव्याज १२ लाख १० हजार होतं. ते मुद्दलात मिळवलं की हप्ता ९९ हजारांच्या पुढे जातो. कर्ज टप्प्याटप्प्याने उचला आणि शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहा. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिथेही अर्ज करा. ती सगळा खर्च उचलणार नाही, पण तेवढं महाग कर्ज कमी होईल.

तिकडे नोकरी मिळाली तर हा हप्ता सहज फिटतो, भारतात परत यावं लागलं तर नव्या क्वांटच्या पगारातला फार मोठा वाटा खातो. म्हणून खरा प्रश्न नोकरी मिळण्याचा. अशा तांत्रिक पदवीनंतर तिथे १२ महिने आणि वाढीव २४ असे एकूण ३६ महिने काम करता येतं, त्यापुढे एच-वन-बी व्हिसा लॉटरीवर अवलंबून. विद्यापीठाला ईमेल करून चार गोष्टी लेखी विचारा. मागच्या तुकडीतल्या किती जणांनी नोकरीची माहिती कळवली? कळवणाऱ्यांचीच टक्केवारी छापलेली असेल, तर ९५ टक्क्यांचा अर्थ बदलतो. व्हिसा लागणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा आहे का? पदवीनंतर तीन महिन्यांत किती जणांना नोकरी लागली आणि सहा महिन्यांत किती जणांना? आणि पदांची नावं काय होती, मॉडेलिंगची की नुसत्या रिपोर्टिंगची? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर आम्ही मुलीला पाठवणार नाही.

तिच्याकडे एमस्टॅट किंवा आयआयटीच्या एमएस्सीची जागा असेल, तर आधी ती पूर्ण करून दोन-तीन वर्षं मुंबईत काम करावं. पुढे बाहेर जाण्याची हौस असेलच, तर युरोपही बघावा: झुरिकमध्ये ईटीएच आणि झुरिक विद्यापीठ मिळून क्वांटिटेटिव्ह फायनान्सची मास्टर्स पदवी देतात, पॅरिसची संभाव्यता-वित्त परंपरा तर गणितज्ञ निकोल एल करुई यांच्यापासून प्रसिद्ध आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांची फी अमेरिकेच्या तुलनेत फारच थोडी.

वय २८, मूळचा चिपळूणचा, पुण्यात आयटी कंपनीत पाच वर्षं जावावर काम करतो. नोकरी न सोडता क्वांटकडे वळता येईल का? — एक इंजिनिअर

येईल. पण थेट ट्रेडिंगच्या मॉडेलवर नाही. तुमच्यासाठी दोन दारं उघडी आहेत: क्वांट डेव्हलपर (मॉडेलचं सॉफ्टवेअर लिहिणारा) आणि मॉडेल व्हॅलिडेशन (मॉडेल तपासणं). परदेशी बँकांची मुंबई, पुणे, बंगळुरूतली केंद्रं दोन्हींसाठी माणसं घेतात.

डेव्हलपरच्या दारासाठी रोज दीड तास धरून नऊ-दहा महिने द्या. पहिले चार महिने संभाव्यता आणि लिनिअर अल्जेब्रा, पुढे ऑप्शनचं गणित, सोबत सी प्लस प्लस किंवा पायथन. शेवटी एक छोटी लायब्ररी स्वतः लिहा: बायनॉमिअल ट्री (वरच्या पेटीच्या उदाहरणासारख्या दोन वाटांच्या पायऱ्या), ब्लॅक-शोल्सचं सूत्र, माँटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांच्या पुष्कळ फेऱ्या चालवून काढलेली सरासरी). तिघांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघा, पुट-कॉल पॅरिटी (विक्रीच्या आणि खरेदीच्या ऑप्शनच्या किमतींमधलं ठरलेलं नातं) जुळते का तेही तपासा. मग बाजारभावावरून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावात दडलेला चढ-उताराचा अंदाज, काढा. बहुतेक जण न्यूटनची पद्धत लावतात आणि स्ट्राइक फार लांबची असली की उत्तर भरकटतं, कारण तिथे व्हेगा (व्होलॅटिलिटी बदलली की किंमत किती हलते तो दर) जवळपास शून्य होतो आणि आपण शून्याने भागू लागतो. व्हेगा ठरावीक मर्यादेखाली गेला की बायसेक्शनवर (पल्ला दर वेळी निम्मा करत जाण्याच्या पद्धतीवर) जा, ते हळू चालतं पण हरवत नाही. माँटे कार्लोची चूक अर्धी करायला चौपट फेऱ्या लागतात, एक दशांश स्थळ वाढवायला शंभरपट. हे माहीत असलेला उमेदवार ‘आणखी फेऱ्या चालवू’ असं पहिल्याच दमात म्हणत नाही.

व्हॅलिडेशन म्हणजे दुसऱ्याने केलेलं मॉडेल फोडून बघणं. बँकेने सांगितलं की एका दिवसाचा ९९ टक्के पातळीवरचा व्हीएआर (शंभरातले ९९ दिवस तोटा ज्यापलीकडे जाऊ नये तो आकडा) अमुक कोटी, तर २५० दिवसांत प्रत्यक्ष तोटा त्या पलीकडे सुमारे अडीच वेळा जायला हवा. बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय बाझल नियमांत चार वेळांपर्यंत हिरवा पट्टा, पाच ते नऊ पिवळा, दहा किंवा जास्त लाल. पण एकदाही गेला नाही, तरी चांगला व्हॅलिडेटर शंका घेतो: मॉडेल उगाच फुगवलेलं तर नाही? २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा फ्युचर उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तेव्हा लॉगरिदमवर उभी असलेली सगळी सूत्रं थांबली, कारण उण्याचा लॉग निघत नाही. तिथल्या एक्स्चेंजला दोन दिवसांत, उणे किंमतही चालणाऱ्या, फ्रेंच गणितज्ञ बॅशेलिए यांच्या मॉडेलवर जावं लागलं, ज्याचं मूळ १९०० सालच्या प्रबंधात आहे. किंमत उणे गेली तर काय, हा प्रश्न आधी विचारणं हेच व्हॅलिडेशनचं काम. पाच वर्षं बग शोधलेल्या माणसाला ते जमतं.

मुंबईतला एक क्लास दोन लाख रुपयांत तीन महिन्यांचा ‘क्वांट ट्रेडिंग’ कोर्स देतो, घरबसल्या ऑप्शनमधून महिन्याचं उत्पन्न म्हणतो. करू का? — एक तरुण, सावंतवाडी

करू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. क्लासची फी मिळवली तर तुमचे चार लाख जातील. क्वांटची नोकरी आणि स्वतःच्या पैशाने ऑप्शन खेळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याच्या मुलाखतीत दुसऱ्याला गुण नाहीत.

मुलाखतीत काय विचारतात आणि प्रोजेक्ट कसा असावा? — एमएस्सीची विद्यार्थिनी, दापोली

प्रोजेक्ट एकच करा, पण त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावता आली पाहिजे. एनएसईची रोजची भावकॉपी (त्या दिवशीच्या भावांची फाइल) फुकट उतरवता येते. ती घेऊन पाच वर्षांची व्होलॅटिलिटी काढायची म्हटलं तरी खाचखळगे भेटतात, आणि तेच मुलाखतीत सांगण्यासारखे असतात. भावकॉपीतले भाव बोनस आणि स्प्लिटसाठी सुधारलेले नसतात. एकास एक बोनसच्या दिवशी शेअर निम्म्यावर आलेला दिसतो आणि तुमची व्होलॅटिलिटी आकाशाला भिडते. जुलै २०२४ मध्ये फाइलचा साचा आणि रकान्यांची नावं बदलली, तिथे जुना कोड अडकतो. निफ्टी ऑप्शनची मुदत ‘शेवटचा गुरुवार’ असं गृहीत धरून लिहिलेला कोड सप्टेंबर २०२५ पासून चुकतो, कारण मुदत मंगळवारी गेली. सुटी आली तर ती आदल्या व्यवहाराच्या दिवशी जाते, तेही हाताळा. रोजचं स्टँडर्ड डेव्हिएशन वर्षाचं करायला २५२ च्या (वर्षातल्या व्यवहाराच्या दिवसांच्या) वर्गमुळाने गुणा, म्हणजे रोज एक टक्का असेल तर वर्षाला साधारण १६ टक्के.

ट्रेडिंगचा नियम तपासत असाल, तर सर्वांत घातक चूक म्हणजे आजच्या बंद भावावरून संकेत काढून आजच्याच बंद भावाला खरेदी दाखवणं. संकेत एक दिवस मागे सरकवला की निम्मे ‘फायदेशीर’ नियम कोसळतात. दुसरी चूक, आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन दहा वर्षं मागे जाणं. मधल्या काळात बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्या त्यात नसतात, म्हणून निकाल गोड दिसतो. दलाली आणि एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर) धरल्याशिवाय आलेख दाखवूच नका.

कंपन्यांची पहिली फेरी बहुधा कॅमेऱ्यासमोरची ऑनलाइन चाचणी असते, आणि ती कित्येकदा जुलै-ऑगस्टात येते. पावसात वीज गेली आणि चाचणी तुटली तर ती पुन्हा मिळेलच असं नाही. इन्व्हर्टर आणि फायबर जोडणी असलेलं घर दापोलीत किंवा खेडमध्ये आधीच बघून ठेवा, फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ठेवा आणि आदल्या दिवशी तिथेच बसून सराव चाचणी द्या.

मुलाखतीचा नमुना म्हणून नाण्याचा प्रश्न घ्या. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत सरासरी किती वेळा नाणं उडवावं लागेल? आणि छाप्यामागोमाग काटा पडेपर्यंत? दोन्हींची शक्यता एक चतुर्थांशच, म्हणून बहुतेक जण दोन्हींचं उत्तर सारखं सांगतात. सुरुवातीपासूनची सरासरी ‘अ’ आणि एक छापा पडल्यानंतर उरलेली ‘ब’ माना. दोन्ही प्रश्नांत अ = १ + अर्धा ब + अर्धा अ, म्हणजे अ = २ + ब. छापा-छापा हवा असेल तर ब = १ + अर्धा अ, कारण मध्ये काटा पडला की सगळं पहिल्यापासून. उत्तर ६. छापा-काटा हवा असेल तर ब = १ + अर्धा ब, कारण पुन्हा छापा पडला तरी आपण तिथेच उभे असतो, काही गमावत नाही. म्हणून ब = २ आणि उत्तर ४. तुम्ही ‘कुठे उभे आहात’ ते मांडता का, एवढंच मुलाखत घेणारा बघत असतो. मोठ्याने बोलत सोडवा, गप्प बसून काढलेल्या बरोबर उत्तराला तितकं वजन मिळत नाही. लागोपाठ तीन छाप्यांसाठी उत्तर १४ येतं. ते याच रीतीने कागदावर काढा, मग पायथनमध्ये दहा हजार वेळा नाणं उडवून ताडून बघा.